सहा मीटरचा जिओडेसिक डोम, राहण्यासाठी: मापं, जोड, आच्छादन, पाया (कोल्हापूर परिसर)

गणिती_गवंडी
जिओडेसिक डोमच्या, म्हणजे त्रिकोणांचा सांगाडा जोडून केलेल्या घुमटाच्या, घराबद्दल इथं तुकड्यातुकड्यानं बरंच लिहून झालंय, पण मापं एका जागी नाहीत. म्हणून हा धागा. चर्चेला एकच उदाहरण धरू: व्यास ६ मीटर, टू-व्ही जातीचा (वीस त्रिकोणांच्या घनाची प्रत्येक कड दोन भागांत विभागलेला, थ्री-व्हीत तीन) अर्धगोल, खाली ९० सेंमीची भिंत. जमीन साधारण २६.५ चौरस मीटर, म्हणजे २८५ चौरस फूट. दोघांना नीट पुरते.

टू-व्हीमध्ये दोनच लांबीचे पाईप लागतात. ए = त्रिज्या × ०.५४६५३, बी = त्रिज्या × ०.६१८०३. त्रिज्या ३ मीटर धरली की ए १६४० मिमी आणि बी १८५४ मिमी. ही मापं भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतची, कापायची लांबी नव्हे. ए ३० नग, बी ३५ नग, जोड २६, त्रिकोण ४० (त्यातले ३० ए-ए-बी, १० बी-बी-बी).

उभारणी खालून वर. आधी बीचे १० पाईप टाकून दशकोन. त्याच्या बाजूंवर एकाआड एक त्रिकोण उभे करायचे: एकावर दोन ए, पुढच्यावर दोन बी. पाच आणि पाच झाले की त्यांची टोकं १० ए पाईपांनी आडवी जोडायची. हे कडं सपाट येत नाही. ए-ए ची टोकं दशकोनापासून १.३४ मीटरवर आणि बी-बी ची १.५८ मीटरवर येतात. इथंच लोक घाबरून पाईप बदलायला लागतात. बदलू नका, ते तसंच असतं. मग वर जाणारे ५ ए आणि १० बी, त्यावर ५ बीचं कडं २.५५ मीटरवर, आणि शेवटी माथ्याला ५ ए. सगळे नट शेवटचा पाईप बसेपर्यंत सैल ठेवायचे. खालची रांग आधीच आवळली तर माथ्याची भोकं काही केल्या जुळत नाहीत.

सांगाडा हा या कामातला सोपा भाग आहे. माणूस भिजतो ते आच्छादनामुळं आणि भेगा पडतात त्या पायामुळं. त्यावर जाणकारांनी लिहावं.

उद्यमनगरी
पाईपच्या टोकांचं मी सांगतो.

२५ मिमी बोअरचा मीडियम जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप घ्या, जाडी ३.२ मिमी, वजन मीटरला साधारण २.४ किलो. दोन्ही टोकांना भोकापुढं २५ मिमी धरायचे. म्हणजे कापायची लांबी ए १६९०, बी १९०४. सहा मीटरच्या पाईपात दोन्ही जातीचे तीन-तीन निघतात. ए ला १० आणि बी ला १२, एकूण २२ पाईप. सांगाडा २८० किलोच्या आसपास.

टोकं प्रेसवर ६५-७० मिमी चपटी करायची. उद्यमनगरात (कोल्हापूरची कारखान्यांची वसाहत) हे काम कुठल्याही प्रेसवाल्याकडं होतं, पण त्याच्यासमोर उभं राहून दोन गोष्टी बघा. पहिली, पाईपाची वेल्डिंगची शिवण वर किंवा खाली यायला पाहिजे, कडेला नको. कडेला आली तर नेमकी घडीवर येते आणि फुटते. तेव्हा फुटली नाही तर वाऱ्यात फुटते. दुसरी, दोन्ही टोकं एकाच प्रतलात चपटी व्हायला पाहिजेत. एक टोक पाच अंश फिरलं तरी तो पाईप भंगारात. त्यासाठी लांब चॅनेलवर दोन क्लॅम्प लावून जिग (माप पक्कं धरणारा साचा) करा.

मग टोकं आत वाकवायची: ए १६ अंश, बी १८ अंश. वाकवल्यावर भोकाभोकातलं अंतर दोन-तीन मिमीनं कमी होतं. म्हणून एक नग पूर्ण करून मोजायचा, जिगचा ठोकळा सरकवायचा, मगच बाकीचे ६४. सगळ्यांत चूक सारखी असली तर डोम जरा लहान होईल, एवढंच. प्रत्येकात वेगवेगळी असली तर तो जुळणार न्हाई.

भोक १४ मिमी, बोल्ट १२ मिमी जाडीचा, ८.८ ग्रेड, लांबी ७५. कुणी ५० चा बोल्ट आणतं आणि सहा पाईपांच्या जोडावर अडकतं. एक चपटं टोक ६.४ मिमी, सहा टोकं म्हणजे ३८ मिमी, वर वॉशर आणि नट. प्रत्येक जोडावर टोकांचा क्रम एकच ठेवा: आडवे पाईप खाली, तिरके वर. चपटं करताना जस्त उडतं, तिथं झिंकचा रंग दोन हात. बी ला निळा पट्टा मारून ठेवा, भावा, नाहीतर उभारणीच्या दिवशी टेप घेऊन फिरत बसाल.

आजरेकरीण
माहिती छान दोघांचीही. दोन शंका. थ्री-व्ही जास्त गोल आणि मजबूत म्हणतात, मग टू-व्ही का? आणि मरीन प्लाय मारून वर वॉटरप्रूफिंग केलं तर आजऱ्यासारख्या पावसाच्या भागात किती टिकेल?

गणिती_गवंडी
ताई, दोन्ही शंकांचं उत्तर शिवणीत आहे.

टू-व्हीत तळाचे सोडले तर ५५ पाईप उरतात आणि प्रत्येकावर दोन पृष्ठं भेटतात. सहा मीटरच्या डोमला ही शिवण ९५ मीटर होते. पाच-अष्टमांश (अर्धगोलापेक्षा जरा उंच) थ्री-व्ही घेतला तर पाईप १६५, जोड ६१, त्रिकोण १०५ आणि शिवण पावणेदोनशे मीटरच्या घरात. तुकड्यातुकड्यानं झाकलेल्या घरात पाणी त्रिकोणातून येत नाही, शिवणीतून येतं. शिवाय थ्री-व्हीचा तळ मुळात एका पातळीत बसत नाही, खालच्या पाईपांची मापं बदलून तो सपाट करावा लागतो. अर्धगोल टू-व्ही आपोआप सपाट बसतो. सहा मीटरपर्यंत ताकदीला टू-व्ही पुरतो. आठ मीटरच्या पुढं बीची लांबी अडीच मीटरपर्यंत जाते, तेव्हा थ्री-व्हीचा विचार करावा.

प्लायचं गणित वेगळंच अडतं. आठ बाय चारचा ताव १.२२ मीटर रुंद. सहा मीटरच्या डोममध्ये बी-बी-बी त्रिकोणाची उंची १.६१ मीटर आणि ए-ए-बीची १.३५. एकही त्रिकोण अखंड निघत नाही, प्रत्येकात आडवा सांधा येतो, म्हणजे शिवण आणखी वाढली. व्यास ४.५ मीटर केला तर दोन्ही बसतात. बी-बी-बीची उंची १.२० मीटर, जेमतेम. एका तावात दोनच त्रिकोण, एकूण २० ताव, आणि जवळजवळ निम्मा ताव कपचीत जातो. कपच्या कपाट-फळ्यांना वापरता येतात, पण पैसे दिलेले असतात.

भुदरगड_पठार
आजरा, गगनबावडा, राधानगरी, आंबा या पट्ट्यात प्लायच्या बाह्य आच्छादनाला माझा विरोध आहे, मग तो आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन का असेना. प्लाय मधे कुजत नाही, कापलेल्या कडेतून पाणी पितो. त्रिकोणात तीन कडा, चाळीस त्रिकोणांत १२० कडा. जून ते सप्टेंबर त्या वाळतच नाहीत. वरचा थर उन्हाळ्यात ताणतो, पावसाळ्यात प्लाय फुगतो, आणि सांध्यावरची पट्टी उचलली जाते. सिलिकॉन सीलंटचं तर नावच नको, उन्हात कडेनं सुटतं. लावायचंच असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, खाली ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि पट्ट्यांचा चढ खालून वर, कौलासारखा, म्हणजे वरची पट्टी खालच्या पट्टीवर. माथ्याच्या पाच त्रिकोणांचा उतार फक्त १९ अंश असतो. तिथं पाणी रेंगाळतं आणि वाऱ्यानं उलटंही चढतं. गळती पहिल्यांदा तिथंच सुरू होते.

शिरोळ, हातकणंगले या कमी पावसाच्या बाजूला लहान डोमला प्लाय चालेल. डोंगरकपारीला अखंड कवच पाहिजे, म्हणजे फेरोसिमेंट (तारेच्या जाळीत दाबून भरलेला सिमेंटचा पातळ गिलावा).

जांभा
फेरोसिमेंटचं तपशीलात लिहितो, कारण अर्धवट माहितीवर केलेलं फेरोसिमेंट प्लायपेक्षा वाईट.

पृष्ठभाग साडेबावन्न चौरस मीटर. सांगाड्यावर बाहेरून ६ मिमी सळई दोन्ही दिशांनी २०० मिमी अंतरावर: साधारण ५२० मीटर, ११५ किलो. तिच्याशिवाय जाळी दोन पाईपांच्या मधे झोळीसारखी लोंबते आणि गिलावा तिथं जाड होऊन बसतो. सळईवर एक थर वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची चौकोनी जाळी), आणि आतून-बाहेरून अर्ध्या इंची चिकन मेशचा एक-एक थर. प्रत्येक थराला १०० मिमी ओव्हरलॅप धरून ६० चौरस मीटर माल आणा. बाइंडिंग वायरची गाठ दर १५० मिमीवर, आणि तिचं टोक आत दुमडायचं. बाहेर राहिलेलं टोक गंजतं आणि तिथून तांबडा ओघळ सुरू होतो. जाळी हातानं दाबली तर ढोलकीच्या पानासारखी ताठ लागली पाहिजे. लागत नसेल तर गवंड्याला त्या दिवशी बोलावू नका.

गिलावा २५ मिमी, सिमेंट-वाळू १:२. एकूण सिमेंट १७ पोती, सांडलवंड धरून १९. वाळू चाळून घ्या, जाड खडा जाळीत अडकतो आणि मागं पोकळी राहते. पाणी पोत्याला २० लिटर, फार तर २२. गवंडी जास्त मागणारच, कारण पातळ माल थापायला सोपा. तिथं ठाम राहा, हवं तर प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल मऊ करणारं रसायन) घाला. एक माणूस आतून फळी धरून, दुसरा बाहेरून थापीनं दाबत. आतल्या बाजूला माल जाळीतून बाहेर आलेला दिसला पाहिजे, मगच तो भाग झाला म्हणायचा.

काम कड्याकड्यानं वर न्यायचं, एक पूर्ण कडं एका दिवसात. त्रिकोण अर्धवट सोडून घरी जायचं नाही. दुसऱ्या दिवशीच्या सांध्याला तारेच्या ब्रशनं खरवडून सिमेंटचा रबडा लावायचा. ओला माल तीन टनांवर जातो, म्हणून माथ्याच्या आणि २.५५ मीटरच्या कड्याच्या जोडांखाली आतून टेकू. ते दोन आठवडे काढायचे नाहीत.

आता भेगांचं. अर्धगोलाच्या कवचात स्वतःच्या वजनानं वरच्या भागात आडवा दाब असतो आणि माथ्यापासून (गोलाच्या केंद्रातून मोजलेल्या) ५२ अंशांच्या खाली आडवा ताण. आपल्या डोममध्ये ही रेघ तळापासून १.८५ मीटरवर येते. तिच्या खाली उभ्या भेगा पडतात त्या याच ताणानं. उपाय स्वस्त आहे: या पट्ट्यात ८ मिमी सळईची चार-पाच अखंड कडी, सांध्याला ४०० मिमी ओव्हरलॅप.

पाणी मारणं किमान १४ दिवस, आणि डोमवर ते टिकत नाही, घसरून जातं. गोणपाट गुंडाळून तो भिजत ठेवायचा. उन्हात दुपारी दोन तास सुकलं तरी केसासारख्या चिरा येतात. महिना नोव्हेंबर ते जानेवारी धरा. एप्रिलमध्ये हे काम काढू नये.

आजरेकरीण
उन्हाळ्याचं काय? २५ मिमीचं सिमेंटचं कवच मे महिन्यात तापणार की.

जांभा
तापतं, आणि पातळ असल्यानं लगेच आत सोडतं. बाहेरून पॉलिमर सिमेंट स्लरीचे दोन हात, त्यावर पांढरा रंग किंवा चुना. दरवर्षी पावसाळा संपला की पुन्हा. आतून ५० मिमी थर्माकोलवर जाळी लावून १५ मिमी गिलावा केला तर फरक मोठा पडतो, पण थर्माकोल उघडा ठेवायचा नाही. आगीला तो फार वाईट. माँट्रियलच्या १९६७ च्या प्रदर्शनातल्या, जिओडेसिक डोम प्रसिद्ध करणाऱ्या बकमिन्स्टर फुलरच्या डोमचं ॲक्रिलिक आच्छादन १९७६ मध्ये वेल्डिंगच्या ठिणगीनं पेटून जळून गेलं, सांगाडा तेवढा उभा राहिला. उसाची चिपाडं भरायची कल्पना आपल्याकडं दर वेळी निघते. वाळवी आणि आग दोन्हीसाठी ते आमंत्रण आहे.

थंडाव्याचं खरं काम झरोका करतो. माथ्याचे पाच त्रिकोण बंद न करता ३० सेंमी वर उचललेली टोपी करा. टोपीची कड खालच्या भोकाच्या बाहेर किमान ४० सेंमी, मधे जाळी. खाली समोरासमोर दोन खिडक्या. गरम हवा वरून निघते तेव्हाच खालून हवा येते. खालच्या खिडक्या नसतील तर टोपी शोभेची.

करवीर_ओळंबा
दार. ते सगळ्यात शेवटी सुचतं आणि सगळ्यात आधी ठरवायला हवं.

तळाच्या ज्या बाजूवर बी-बी-बी त्रिकोण आहे ती निवडा आणि त्याचे दोन तिरके बी बसवूच नका. मग जे भोक पडतं ते खाली १.८५ मीटर रुंद आणि १.३४ मीटर उंचीवर तीन मीटरच्या वर रुंद. भिंतीचे ९० सेंमी मिळवले की २.१ मीटरचं दार आरामात बसतं. पण काढलेल्या दोन पाईपांचा भार चौकटीला घ्यावा लागतो. ५० × ५० चौकोनी पाईपाची चौकट करा, तिच्या वरच्या दोन कोपऱ्यांपासून त्या सुट्या जोडापर्यंत (जिथं काढलेले दोन बी भेटले असते) दोन आखूड पाईप. जोड चौकटीपेक्षा ३० सेंमी आत येतो, त्यामुळं वर आपोआप छोटा सज्जा तयार होतो. त्याचा उतार बाहेर ठेवा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. भिंतीच्या डोक्यावरचा काँक्रीटचा पट्टा (२३० × १५०, १० मिमीच्या चार सळया, ८ मिमीच्या रिंगा १५० वर) डोमला पायात बांधून ठेवतो. दारात तो तुटतो. तुटलेलं कडं काही बांधत नाही. म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे छोटे खांब, पट्ट्याच्या सळया त्या खांबांत वळवून खाली प्लिंथ बीममध्ये (जोत्यातली काँक्रीटची तुळई). म्हणजे कडं जमिनीखालून पूर्ण होतं. बऱ्याच डोमना दाराच्या शेजारी तिरकी भेग दिसते, तिचं कारण बहुधा हे.

आखणी: मध्ये खुंटी, तीन मीटरची तार (दोरी नको, ती ताणते), परिघावर १८५४ मिमीची दहा मापं. दहावं माप पहिल्या खुणेवर पाच मिमीच्या आत यायला पाहिजे, समोरासमोरचे कोपरे सहा मीटर. पट्ट्यात दहा कोपऱ्यांना ८ मिमीच्या प्लेटा काँक्रीट ओलं असतानाच बसवा आणि लेव्हलपाईपनं तपासा. नंतर ड्रिल मारून फास्टनर घालणं इथं नको. प्लायच्या हलक्या डोमला वारा खाली दाबत नाही, वर उचलतो.

नवखा_नाद
पत्रा का नको? स्वस्त पण आणि गंजत पण नाही आताचा.

उद्यमनगरी
पन्हाळीचा पत्रा त्रिकोणात कापला की कडेला लाटा उघड्या पडतात, त्या बंद करायला शिवण सपाट मिळत न्हाई. प्लेन पत्रा चालतो, पण पुन्हा तीच ९५ मीटर शिवण, आणि पावसाचा आवाज असा की आत फोनवर बोलता येत नाही. गोठा, रोपवाटिका, शेतातली खोली यासाठी ताडपत्री किंवा पत्रा ठीक. राहायला नको.

शिरोळ_काठ
पायावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्या जिल्ह्यात माती गावागावाला बदलते.

नदीकाठची काळी माती फुगते आणि आकसते. गोल घराला हे चौकोनी घरापेक्षा जास्त बाधतं, कारण एक कोपरा दोन सेंमी उचलला तरी कवचाला पीळ बसतो. काळी माती मीटर-सव्वा मीटरमध्ये संपत असेल तर पूर्ण काढून मुरूम भरा, १५० मिमीचा एक थर, पाणी, रोलर किंवा धुम्मस, मग पुढचा. त्याहून खोल असेल तर प्लिंथ बीमखाली अंडर-रीम्ड पाईल (खाली फुगीर टोकाचे काँक्रीटचे खोल खांब), किमान साडेतीन मीटर. दहा कोपऱ्यांपैकी एकाआड एक असे पाच पाईल पुरतील का ते माती तपासून इंजिनिअरनं ठरवावं, गवंड्यानं नव्हे. पन्हाळा, शाहूवाडीकडच्या जांभ्यावर हा प्रश्न नाही, तिथं ९० सेंमीची भिंतच जांभ्याच्या चिऱ्यात करा.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते गावात भिंतींवर अजून दिसतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, पण आपल्या गटाला त्याचा अर्थ काय हे पाहिलं जात नाही. पाटबंधारे खात्याच्या निळ्या पूररेषेच्या (वारंवार येणाऱ्या पुराची हद्द) आत घर बांधूच नका. निळ्या-लाल रेषेच्या (लाल म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) मधे असाल तर जोतं पुराच्या पातळीच्या वर आणि आच्छादन फक्त फेरोसिमेंट.

डोमला पन्हाळ नसते हे लक्षात घ्या. सगळं पाणी भिंतीवरून खाली येतं आणि जोत्याला शिंतोडे उडतात. पट्ट्यालाच बाहेर ७५ मिमीची कड काढा, तिच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच, आणि भोवती ६० सेंमीचा उतरता कट्टा व गटार. हे पाणी साठवलं तर हजार मिमी पावसात साधारण २४ हजार लिटर मिळतं.

करवीर_ओळंबा
बरोबर. परवानगीचंही बघूनच खोदायला घ्या. घर गोल असलं म्हणून नियम वेगळे नाहीत. जमीन शेतीची की अकृषक, गावठाणात की बाहेर, कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या ४२ गावांत येते का, राधानगरीकडं असाल तर वनखात्याची हद्द. नकाशावर सही करणारा अभियंता आधी शोधा, कारण डोमचं गणित करून सही द्यायला सगळे तयार होत नाहीत.

आजरेकरीण
आता राहण्याविषयी सांगा कुणीतरी. भिंतीला कपाट कसं लावायचं, माळा होतो का?

जांभा
९० सेंमीच्या भिंतीमुळं बरंच सोपं होतं. तिच्या वरचे तळाचे त्रिकोण जवळजवळ उभेच असतात, ए-ए-बी ७ अंश कललेले, बी-बी-बी ११ अंश. स्वयंपाकाचा ८५ सेंमीचा ओटा दशकोनाच्या एका बाजूला १.८५ मीटर लांब सरळ बसतो, पुढं उभं राहिल्यावर डोकं कुठं लागत नाही. वर टांगायची कपाटं मात्र विसरा, भिंतीच्या उंचीएवढी खालची कपाटं करा. खिडकी कललेल्या त्रिकोणात थेट काच लावून करू नका, पाऊस काचेवर उभा राहतो. पेटीसारखी बाहेर काढून उभी करा, वर छोटा छज्जा.

एकूण उंची ३.९ मीटर. माळा २.२ मीटरवर घेतला तर त्यावर मध्ये १.६ मीटर मिळतात: झोपायला, बसून वाचायला पुरे, उभं राहायला नाही. माळा अर्ध्याच भागावर ठेवा आणि त्याचा भार आत बांधलेल्या सरळ भिंतींवर द्या, डोमच्या जोडांवर नाही. त्याच सरळ भिंतींच्या आत न्हाणीघर, म्हणजे पाईप आणि फरशी चौकोनात राहते.

आवाज घुमतो, आणि बरोबर मध्यभागी बसलं तर आपलाच आवाज कानात येतो. बैठक मध्यापासून सरकवा. गोधड्या, जाड पडदे, पुस्तकांचं शेल्फ याचा चांगला उपयोग होतो. आतून गुळगुळीत पीओपी केलं तर त्रास वाढतो, खरबरीत चुन्याचा गिलावा ठेवा. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणूनही चुना बरा. वायरिंगचे पाईप जाळी बांधतानाच घाला, नंतर २५ मिमीच्या कवचात खाच मारता येत नाही. सांगाडा लोखंडी आहे, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना अर्थिंग द्या, उघड्या माळावर तर नक्कीच.

नवखा_नाद
आणि पंखा? माथ्याच्या बोल्टला टांगला तर चालतो का?

उद्यमनगरी
नको. माथ्याचा बोल्ट पाच पाईपांना आवळून धरतो, पंख्याच्या थरथरीनं नट सुटत जातो. शिवाय झरोका तिथंच, पंखा वरची गरम हवा पुन्हा खाली ढकलणार. माळ्याच्या तुळईला खालून टांगा, किंवा भिंतीवरचा पंखा पट्ट्याला बसवा. आणि माथ्यासकट सगळ्या २६ जोडांना नायलॉकचे (आत नायलॉनचं कडं असलेले, थरथरीनं न सुटणारे) नट वापरा. ते एकदाच वापरायचे असतात, म्हणून उभारणीला साधे नट लावा, डोम जुळून मापं तपासली की एकेक काढून नायलॉक घाला आणि मगच जाळी बांधायला घ्या.